सोन्याचं माहेर

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात सरकारी जमिनीवर सोनं शोधायला परवाना लागतो. त्याचं नाव 'मायनर्स राइट', म्हणजे खाणकामगाराचा हक्क. मी मेलबर्नमधल्या एका कारखान्यात लोकांच्या पगाराचे हिशेब करते; खाणीचा आणि माझा संबंध शून्य. पण फॉर्मवर तसलं काही विचारत नाहीत. नाव, पत्ता, थोडे डॉलर, आणि पुढची दहा वर्षं तुम्ही हक्काचे खाणकामगार. माझे सासरे, अण्णा, तेव्हा कोल्हापूरहून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांनी स्वतःच्या नावाचा वेगळा परवाना काढायला लावला. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. "मुदत संपली की नूतनीकरणाला येतो," म्हणाले.

अण्णांनी उभी हयात कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका सराफी पेढीवर दिवाणजी म्हणून काढली. सोनं तोललं, लिहिलं, कुलपात ठेवलं. पण जमिनीतलं सोनं त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि मी तर कुठलं पाहणार. आमच्या डोक्यातलं चित्र सोपं होतं. ओढ्यात वाकायचं, पिवळं दिसलं की उचलायचं. त्याला इथला इतिहासही जबाबदार आहे. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी मोलियागुलजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना 'वेलकम स्ट्रेंजर' नावाचा गोळा मिळाला, तो जमिनीखाली जेमतेम दोन बोटं होता. त्यातलं निव्वळ सोनं सुमारे ७१ किलो. तेवढं तोलणारा काटा जवळपास नव्हता, म्हणून तो ऐरणीवर ठेवून फोडावा लागला. अण्णांनी डोळे मिटून भागाकार केला आणि म्हणाले, "सहा हजार तोळ्यांच्या वर. आणि फोडला? पावती तरी केली का?"

सोनं धुवायच्या परातीला इथे 'डिश' म्हणतात. आम्ही हिरव्या प्लास्टिकची घेतली. तिच्या एका अंगाला आतून आडव्या खाचा असतात. जड कण तिथे अडकावेत अशी अपेक्षा. दुकानातल्या मुलाने सांगितलं, आधी घरी सराव करा. मासेमारीच्या गळाला लावतात त्या शिशाच्या वजनांचे बारीक तुकडे करायचे, हातोडीने चपटे ठोकायचे, दहा मोजून वाळूत मिसळायचे आणि टबावर धुऊन किती उरतात ते बघायचं. शिसं पाण्याच्या साधारण ११.३ पट जड, सोनं १९.३ पट, आणि वाळूतली गारगोटी २.६५ पट. शिसं हातून सुटलं नाही तर सोनं सुटायची भीती कमी. मला वाटलं, आई तांदूळ रोळायची तेच तर आहे. तिथेच घोळ झाला. तांदूळ रोळताना तांदूळ पुढच्या भांड्यात जातो आणि खडा मागे राहतो, त्या खड्याकडे कुणी बघत नाही. इथे खड्यासाठीच सगळा खटाटोप. माझे हात मात्र सवयीने वरची वाळू सांभाळत बसले. दहापैकी माझे चार तुकडे उरले. अण्णांचे नऊ.

त्यांना ते कसं जमलं? गुजरीत झारेकरी यायचे. सोनारांच्या दुकानातला केर, शेगडीची राख, पायपुसण्याची धूळ हे सगळं ते विकत घेत, धूत आणि त्यातून सोनं काढत. "पेढीचा केर आम्ही फुकट कुणाला दिला नाही," अण्णा म्हणाले. "ते धुवायला बसले की मी बघत उभा राहायचो. आधी नुसतं पाण्याखाली हलवायचे. जड आहे ते तळाला जाऊ द्यायचे. मग वरचं सोडायचे. तू पहिल्यापासूनच सोडायला लागलीस." चाळीस वर्षांपूर्वी नुसतं बघितलेलं काम हा माणूस पहिल्या फटक्यात करतो आणि मी इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून चार तुकडे वाचवते.

कॅसलमेन गाव मेलबर्नपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. जुलै १८५१ मध्ये तिथल्या बार्कर्स क्रीकजवळ ख्रिस्तोफर पीटर्स नावाच्या मेंढपाळाला गारगोटीत सोनं दिसलं. त्या घळीला आजही 'स्पेसिमेन गली' म्हणतात. सप्टेंबरमध्ये बातमी वर्तमानपत्रात छापून आली आणि काही महिन्यांत डोंगर चाळणी झाले. आम्ही त्याच भागातल्या एका सरकारी जंगलात गेलो. परवाना असला तरी सगळी सरकारी जमीन खुली नसते, तेव्हा नकाशावर आधी ते तपासलं. मूळ रहिवाशांच्या खुणा असलेल्या जागांना हात लावायचा नाही, यंत्र वापरायचं नाही, खणलेला खड्डा बुजवायचा, एवढे नियम पाठ केले. ओढ्याचं नाव मी लिहिणार नाही. तशी सक्त ताकीद आहे.

वसंत ऋतू होता, ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. मी ओढ्याच्या मधोमध, मऊ वाळू बघून फावडं घातलं. छान खणलं जात होतं. डिश धुतली आणि तळाशी काय चमकलं! अण्णांनी खिशातून भिंग काढलं. मी श्वास रोखून उभी. त्यांनी डिश जरा तिरकी करून सावलीत धरली. चमक गेली. "अभ्रक," ते म्हणाले. सोनं उन्हात आणि सावलीत एकाच रंगाचं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर दुपारपर्यंत मी पुष्कळ अभ्रक धुतलं.

आमची ती कसरत पलीकडच्या काठावरून एक बाई बघत होत्या. सत्तरीच्या असाव्यात, लाल टोपी, गुडघ्यापर्यंत बूट, सोबत कंटाळलेला कुत्रा. शेवटी त्यांना राहवेना. त्या पाण्यातून सरळ आमच्याकडे आल्या, माझ्या हातातलं फावडं घेऊन बाजूला ठेवलं आणि एक वाकडा खिळा दिला. मग काठाला दाखवलं. तिथे पाटीच्या दगडाचे थर उभे उघडे पडले होते, त्यांच्या फटींत माती घट्ट बसलेली. पुराच्या वेळी सोनं मऊ वाळूत थांबत नाही. खाली उतरत जातं आणि अशा फटीत, वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला पाण्याचा जोर मोडतो तिथे बसतं. खिळ्याने फटी उकरायच्या, माती चमच्याने काढायची. फावडं एवढं मोठं कशाला आणलंत, असं त्यांनी विचारलं नाही. नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

फटीतली माती चिकट निघाली. ती हाताने चोळून पूर्ण विरघळवायची, नाहीतर चिखलाचा गोळा सोनं घेऊन डिशबाहेर जातो. मी चोळली, हलवली, सोडली. शेवटी उरली काळी वाळू. ती लोहखनिजाची असते आणि जड असल्यामुळे सोन्याबरोबर मागे राहते. तिच्यावरून पाण्याची हलकी लाट फिरवली आणि काळ्यातून एक पिवळा कण मागे पडला. सुईच्या टोकाएवढा! मी ओरडले. अण्णा धावत आले, बोट पुढे केलं, आणि तो कण पाण्यावर तरंगत कडेवरून निघून गेला. लोखंडाच्या दुपटीहून जड धातू पाण्यावर तरंगला, माझ्या डोळ्यांदेखत. लाल टोपीवाल्या बाईंनी अण्णांच्या बोटाचा वास घेतला. खोबरेल! सकाळी डोक्याला चोपडलेलं. तेलकट झालेला बारीक कण पाण्यात बुडत नाही. बाईंनी खिशातून भांड्यांच्या साबणाची छोटी बाटली काढली आणि डिशमध्ये एक थेंब टाकला. अण्णांनी त्यानंतर जंगलात जायच्या दिवशी तेल लावलं नाही, आणि ते दिवसभर उघड्यावर पडल्यासारखे अस्वस्थ असायचे.

अशा बारीक कणाला इथे 'कलर' म्हणतात. किती ग्रॅम मिळालं असं कुणी विचारत नाही, किती कलर दिसले असं विचारतात. मी कुपीत जमवायला लागले. अण्णांना मात्र दुसराच नाद लागला. भिंगातून बघत ते म्हणाले, "हे बघ, खालच्या वळणावरचे कण चपटे आहेत, कडा गोल झाल्यात. इथले खडबडीत आहेत. आणि याला पांढरं काहीतरी चिकटलंय." लाल टोपीवाल्या बाईंना त्यांनी भिंग दिलं. त्यांनी बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. चिकटलेलं पांढरं म्हणजे गारगोटी. सोनं जितकं लांब वाहत येतं तितकं ठेचलं जातं, गुळगुळीत होतं. अंगावर गारगोटी टिकलीय म्हणजे फार चाललेलं नाही. घर जवळ आहे. "मग याचं माहेर शोधू या," अण्णा म्हणाले. मला कुपी भरायची होती. पण सासरे पडले.

हे माहेर म्हणजे काय, ते मी रात्री वाचून काढलं. इथले खडक मूळचे समुद्रतळाची वाळू आणि चिखल. ते दाबले गेले, दुमडले, आणि साधारण ४४ कोटी वर्षांपूर्वी खोलातलं गरम पाणी त्यांच्या भेगांतून वर चढलं. त्या पाण्यात विरघळलेली सिलिका आणि सोनं भेगांत बसलं. सोनं धरून बसलेल्या गारगोटीच्या या उभ्याआडव्या पट्ट्यांना 'रीफ' म्हणतात. वरचा डोंगर झिजत गेला, रीफ उघडी पडून फुटली, सोनं उतारावरून घसरत ओढ्यात आलं. म्हणजे ओढा सोनं तयार करत नाही, नुसतं वाहून नेतो. इतकी वर्षं दागिने घालून मला हा प्रश्नच पडला नव्हता.

माग काढायची रीत ऐकायला सोपी आहे. ओढ्याने वर जात राहायचं आणि ठरावीक अंतरावर एक डिश धुवायची. अण्णांनी त्यासाठी लाल कापडाची चोपडी काढली. पेढीवर असायची तशी; ती त्यांनी कोल्हापूरहून का आणली होती, देव जाणे. जागा, कलर, शेरा. मी पहिल्याच दिवशी त्यांचा ओरडा खाल्ला, कारण माझी एक डिश काठोकाठ होती आणि दुसरी निम्मी. "माप एक नको? अर्ध्या तराजूने तोलतेस?" त्यानंतर दह्याचा दोन किलोचा रिकामा डबा हे आमचं अधिकृत माप झालं. माझी पुढची शहाणपणाची गोष्ट म्हणजे आधीची डिश नीट न धुता मी पुढची भरत होते. त्यामुळे खालचे कलर वर चालत येत होते. दोन पानं अण्णांनी आडव्या रेघा मारून रद्द केली.

वर एक फाटा आला. दोन ओहोळ तिथे एकत्र होत होते. डाव्या ओहोळात पाच कलर मिळाले. उजव्यात एकही नाही. मी पुन्हा धुतली. नाही. आणखी वर जाऊन धुतली. नाही. अण्णा प्रत्येक वेळी वळणदार अक्षरात लिहीत होते, 'निरंक'. मला त्या शब्दाचा राग यायला लागला. पाठ मोडेपर्यंत धुवायचं आणि कागदावर निरंक! लाल टोपीवाल्या बाई त्या दिवशी आल्या तेव्हा मी तक्रार केली. त्यांनी चोपडीतलं मराठी बघितलं, तो शब्द कितीदा आलाय ते मोजलं आणि विचारलं, हे शून्य आहे का? मग समाधानाने मान हलवली. उजवीकडचा अख्खा डोंगर आमच्या शोधातून वजा झाला होता. एवढं काम कुठल्याच सोन्याच्या कणाने केलं नव्हतं.

डाव्या ओहोळाने वर जाताना कलर एकदम वाढले. वीस, पंचवीस! मी तिथेच तळ ठोकायचं ठरवलं. काठावर एक गोल चर दिसत होता, मध्ये उंचवटा. मला वाटलं, जनावरांना पाणी पाजायची जागा. ते 'पडलिंग मशिन' निघालं. १८५० च्या दशकात खणलेली चिकण माती अशा गोल चरात पाण्यासोबत टाकत आणि घोडा जुंपून लोखंडी दाते फिरवत. चिखल विरघळला की सोनं तळाला राही. ते सोनं कुठून कुठून गाड्या भरून आणलेल्या मातीतलं होतं, आणि काही सांडून ओहोळात गेलं होतं. आमचे पंचवीस कलर म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची सांडलवंड. अण्णांनी त्या जागेपुढे शेरा लिहिला: 'अन्य पेढीचा माल.'

त्याच दिवशी अण्णा शेजारच्या मातीच्या ढिगावर बसले आणि चिवड्याच्या डब्यात हात घालणार, तोच बाई ओरडल्या. तो ढीग खाणीतून उपसलेल्या दगडमातीचा होता. इथल्या रीफमध्ये सोन्याबरोबर आर्सेनिकचं खनिज असतं, आणि जुन्या खाणींच्या ढिगांत ते राहिलेलं असतं. आर्सेनिक म्हणजे सोमल, हे अण्णांना सांगायची गरज पडली नाही. त्यांनी हात दोनदा धुतले. चिवडा मी गाडीत बसून एकटीने खाल्ला.

पडलिंग मशिनच्या वर कलर पुन्हा तीन-चारवर आले, पण ते खडबडीत होते. आणखी वर निरंक. म्हणजे शेवटचा 'आहे' आणि पहिला 'नाही' यांच्या मधल्या पट्ट्यात सोनं बाजूच्या उतारावरून आलेलं असणार. आता पाणी सोडून डोंगर चढायचा होता. या प्रकाराला 'लोमिंग' म्हणतात. मातीमागोवा म्हणू या. उताराच्या पायथ्याशी एका आडव्या ओळीत वीस-वीस पावलांवर डबाभर माती घ्यायची, खाली आणून धुवायची, कलर मोजायचे. मग वर दुसरी ओळ. रीफपासून सुटलेलं सोनं उतरताना पसरतं, म्हणून खालची ओळ रुंद आणि वर जाल तसा पट्टा अरुंद होत जातो. आमची पहिली ओळ: निरंक, एक, चार, सहा, दोन, निरंक. दुसरी: निरंक, तीन, नऊ, निरंक. कागदावर त्रिकोण उमटत होता. मी पगारपत्रकं करते, आकड्यांत चित्र दिसायची मला सवय नाही. मला त्या रात्री झोप आली नाही.

मध्येच एक आडवळण झालं. उतारावर गंजाचे डाग पडलेली गारगोटी मिळाली, आत पिवळंधमक. हेच माहेर, म्हणून मी ती घरी आणली आणि अण्णांच्या डोळ्यांदेखत लोखंडी खलबत्त्यात कुटायला घेतली. अण्णांनी नाकाला रुमाल बांधायला लावला आणि पाणी घालून कुटायला सांगितलं, कारण गारगोटीची धूळ फुप्फुसात बसते. पिवळ्या भागाचा एक कण मी बत्त्याखाली धरला. सोनं असतं तर चपटं झालं असतं. त्याची काळसर भुकटी झाली. अण्णांनी उगाच खात्रीसाठी खिशातली कसोटी काढून दुसरा कण घासला. कसोटीवर पिवळी रेघ उमटली नाही. ते गंधक आणि लोखंड होतं, पायराइट, फसवं सोनं. खलबत्त्याला आतून ओरखडे पडलेत. त्यात कुटलेल्या दाण्याच्या चटणीत अजून कचकच लागते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे.

तिसऱ्या ओळीत एकाच डब्यात अकरा कलर आले, बाकी सगळे निरंक. चौथी ओळ पूर्ण निरंक. मधली जागा फार तर तीस पावलांची. आम्ही दोघं वाळका पाला बाजूला करत वर सरकलो. मी पुढे होते. लाल टोपीवाल्या बाई मागून सारख्या बजावत होत्या, पायाखाली बघा, इथे उघड्या खाणविहिरी असतात, फोटो काढताना मागे सरकू नका. मला पाल्याखाली एक लांबट खळगा लागला. कमरेएवढा खोल, सरळ, उताराला आडवा. त्याच्या तळाशी शेवाळलेली पांढरी गारगोटी. आणि पुढे तिरक्या रेषेत एक, दोन, तीन खाणविहिरी, जुन्या, ढासळलेल्या.

बाई खळग्याच्या कडेला बसून मनमुराद हसल्या. तो चर नैसर्गिक नव्हता. रीफ नेमकी कुठे आहे ते बघायला जुन्या खाणकामगारांनी तो आडवा खणला होता. त्यांनीही खालून कलर मोजत मोजतच ही जागा गाठली असणार. १८५१ मध्ये सरकार त्यांच्याकडून सोनं मिळो न मिळो, महिन्याला तीस शिलिंग परवाना-पट्टी घेई. त्यावरून ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलराटला युरेका स्टॉकेडचा रक्तपात झाला, आणि पुढच्या वर्षी वर्षाला एक पौंडाचा 'मायनर्स राइट' आला. माझ्या पाकिटातल्या कागदाचं नाव तिथलं.

मी चराच्या काठावर फतकल मारून बसले. एवढं धुणं धुऊन दीडशे वर्षं उशिरा पोहोचायचं. कुपीतलं सगळं सोनं अण्णांच्या अंदाजाने गुंजभर होतं, म्हणजे ग्रॅमचा जेमतेम आठवा भाग. अण्णांचा चेहरा मात्र महिनाअखेरीला रोकड जुळल्यासारखा फुलला होता. "अगं, ताळा जमला की! त्यांचा हिशेब आणि आपला हिशेब एकाच जागी आला. तेही न विचारता." त्यांनी चराला पाठ लावून चोपडीत रेषा आखली, वरचे निरंक आणि खालचे कलर यांच्या बरोबर मधून.

मग ते उभे राहिले आणि डोंगराच्या माथ्याकडे बघायला लागले. रीफची रेषा तिरकी जात होती, माथा ओलांडून. "सूनबाई, पाणी दोन्ही बाजूंना उतरत असणार ना? आपण एकाच बाजूचं तपासलंय." मी बाईंकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. पलीकडच्या घळीत त्याही कधी गेल्या नव्हत्या. मी काही म्हणायच्या आत अण्णा दह्याचा डबा घेऊन निघालेसुद्धा, आणि मी "अण्णा, विहिरी!" म्हणत त्यांच्या मागे. पलीकडच्या पायथ्याची पहिली डिश मीच धुतली, नीट, पाण्याखाली हलवून, काही न सांडता. काळी वाळू उरली, तिच्यावरून लाट फिरवली. अण्णांनी भिंगातून दोनदा बघितलं, चोपडीत नवं पान काढलं, वर तारीख घातली आणि लिहिलं: निरंक.

"चल," ते म्हणाले, "वीस पावलं डावीकडे."